‘आमच्या घरात सगळे ठेंगणेच’

प्रश्न : नातू तीन वर्षांचा आहे. अंगणवाडीतल्या ताई म्हणतात, वयाच्या मानाने उंची कमी आहे. पण आमच्या घरात सगळे ठेंगणेच. काळजी करावी का? सुनेला आता पाचवा महिना लागलाय.
– एक आजी, ऐरोली

उत्तर : आजी, काळजी करा, आणि आधी सुनेची करा. कळव्याच्या चाळीत मी अंगणवाडी सेविका होते, तेव्हा ‘आमच्यात सगळे ठेंगणेच’ हे दारोदार ऐकलंय. पाच वर्षांपर्यंत उंची घराण्यापेक्षा जास्त आईच्या ताटावर, बाळाच्या वाटीवर आणि सारख्या होणाऱ्या जुलाबांवर ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली अशी खुंटलेली मुलं २०१५-१६ मध्ये ३८.४ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३५.५. आपल्या महाराष्ट्रात मात्र ३४.४ वरून ३५.२! आणि देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी. हे मला फार लागतं.

सुनेला लोहाची गोळी रोज द्या, निदान १८० दिवस. चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको; लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर चालेल. शौचाला काळं होतं म्हणून कित्येक जणी गोळ्या गुपचूप फेकून देतात. घाबरू नका, ते लोहामुळेच. आणि तिला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवू नका.

नातवाला रोज अंडं किंवा घट्ट डाळ, वर चमचाभर तेल. दर महिन्याला अंगणवाडीत वजन-उंची करा. सहा महिन्यांचे आकडे लिहून मला पाठवा.