थँक-यू नोट, आणि रद्द केलेल्या दोन मुलाखती

अमेरिकेत रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात करायच्या प्रशिक्षणाच्या, मुलाखतीनंतर थँक-यू नोट पाठवायची का, असं तू विचारलंस. निम्मे सीनिअर म्हणतात ‘पाठवच’, निम्मे म्हणतात ‘बावळट दिसशील’. शिवाय पहिलीतल्या मुलीची शाळा, आणि तिकडे एकटं वाटतं का. (तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील.) स्टेप (परवान्याच्या परीक्षा), इरास (अर्जाची ऑनलाइन यंत्रणा), व्हिसा यांवर काही सांगत बसत नाही, ते सगळं त्यांच्या साइटवर आहे आणि दरवर्षी बदलतं.

आधी उत्तर. पाठव. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, ईमेलने, चार ओळी. नावाचं स्पेलिंग दोनदा तपास. बोलताना निघालेली एखादी खरी गोष्ट लिही, ‘युअर एस्टीम्ड इन्स्टिट्यूशन’ वगैरे नको. प्रोग्रामने, म्हणजे मुलाखत घेणाऱ्या हॉस्पिटलाने, सकाळीच सांगितलं असेल की नोट पाठवू नका, तर पाठवू नकोस. ती काही तुझी परीक्षा नसते, त्यांना खरंच नको असतात. कोऑर्डिनेटरला मात्र न चुकता लिही. वेळा जुळवणं, लिंक पाठवणं, ती चालली नाही तर फोन उचलणं हे सगळं त्यांच्याच गळ्यात असतं आणि त्यांना सहसा कोणी लिहीत नाही.

नोटमुळे प्रोग्रामच्या रँक लिस्टवर, म्हणजे त्यांच्या पसंतीक्रमाच्या यादीत, वर सरकशील ही आशा सोड. मी आता टेबलाच्या पलीकडे बसते, मुलाखती घेते. आमच्याकडे मुलाखत संपली की लगेच गुण भरून टाकावे लागतात. तुझी नोट येईपर्यंत माझे गुण भरून झालेले असतात. आम्हाला कुठे कितवा नंबर देणार, हे तुला विचारायची प्रोग्रामला एनआरएमपीच्या नियमांनी मनाई आहे. (दोन्हीकडच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा ठरवणारी ती संस्था, आणि त्या जुळणीलाच ‘मॅच’ म्हणतात.) तू आपणहून सांगू शकतेस. पण ‘तुम्हीच माझे पहिले’ हे एकालाच लिही, आणि खरं असेल तरच.

इथेच थांबायला हवं होतं. पण तुझा प्रश्न वाचल्यापासून मला ओहायो आठवतंय.

2006 चा हिवाळा. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहायचो. नवरा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोर या बायकोच्या व्हिसावर, म्हणजे मला कमवायची परवानगी नाही. मुलाखतीला तेव्हा प्रत्यक्ष जावं लागे, तेही पदरमोड करून. ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकांची, बंद पाकिटं मिळवायला वडिलांनी गावाहून कॉलेजपर्यंत एस.टी.ने चार खेपा घातल्या होत्या. सकाळी साडेअकराला ‘साहेब जेवायला गेलेत’. तिसऱ्या खेपेला पाकीट मिळालं, तर फ्लॅपवर शिक्काच नाही! अजून आठवलं की डोकं फिरतं.

तर एवढं करून सहा मुलाखती आल्या. टार्गेट नावाच्या दुकानातून कार्डांचा गठ्ठा आणला, कारण तेव्हा हाताने लिहिलेलं कार्ड चांगलं दिसतं म्हणत. मुलगा झोपल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर लिहायला बसले. आपल्याकडे घरच्या कुणाचे आभार मानले तर ‘परकी झालीस का गं?’ म्हणून विचारतात. पहिल्या कार्डाला चाळीस मिनिटं लागली, दोन कार्डं फुकट गेली.

डिसेंबरात ओहायोच्या प्रोग्राम डायरेक्टरचं ईमेलने उत्तर आलं. दोनच ओळी. बोलून आनंद झाला, आणि जुलैमध्ये भेटूच अशी आशा आहे. रेसिडेन्सी जुलैत सुरू होते, तुला माहीतच आहे. मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. कॉलिंग कार्ड खरवडून वडिलांना वाचून दाखवलं. आणि जानेवारीतल्या उरलेल्या दोन मुलाखती रद्द केल्या. एक मिशिगनची, विमानाचं तिकीट महाग म्हणून. दुसरी ब्रुकलिनची. ब्रुकलिनला तर विमानही लागत नव्हतं. एडिसनहून ट्रेन, पुढे सबवे. पण बाहेर बर्फ होता, मुलाला थोडा ताप होता, आणि ओहायो ‘भेटूच’ म्हणालं होतं.

ओहायोला पहिलं ठेवण्यात नुकसान काहीच नव्हतं, हे नीट समजून घे. 1998 पासून मॅचचं गणित अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होतं. ते नव्याने बसवणाऱ्यांपैकी आल्विन रॉथ यांना पुढे 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पहिल्याने घेतलं नाही तरी दुसऱ्याकडे तुझी किंमत कमी होत नाही. माझं नुकसान झालं ते यादीत सहाऐवजी चारच नावं राहिली म्हणून.

मार्चमध्ये, सोमवारी दुपारी कळलं की कुठेच मॅच नाही. तेव्हा ‘सोप’, म्हणजे उरलेल्या जागांसाठीची आताची ऑनलाइन फेरी, नव्हती, ‘स्क्रॅम्बल’ होतं. मंगळवारी दुपारी रिकाम्या जागांची यादी निघायची आणि देशभरातले उरलेले डॉक्टर एकाच वेळी फोन आणि फॅक्सवर तुटून पडायचे. मी कॉपीच्या दुकानात फॅक्स मशिनपुढे उभी, सीव्हीचं पान अर्धं आत ओढलेलं, आणि पलीकडून नुसता बिझी टोन. दुकानातल्या पोराने शेवटी स्टूल आणून दिलं.

पुढच्या वर्षी जागा मिळाली, तिसऱ्या पसंतीची. ते गृहस्थ खोटं बोलले असं म्हणवत नाही. ‘भेटूच’ म्हणजे आपलं ‘या एकदा चहाला’. पत्ता न देता म्हटलेलं. मला ते वेळेत ओळखता आलं नाही, एवढंच.

आता मला नोटा येतात. उत्तर देऊ नका अशी आमच्याकडे सूचना आहे, आणि मला ती सोयीची वाटते. गेल्या जानेवारीत सांगलीकडच्या एका मुलीची आली. लिहिलं होतं, ‘बोलताना तुम्ही माझ्या मागच्या कालनिर्णयाकडे दोनदा पाहिलंत, मग माझी भीती गेली.’ खरंच पाहिलं होतं. दोनदा पाहिलं हे मला कळलं नव्हतं. तीन संध्याकाळी उत्तर लिहिलं आणि पुसलं. काहीही लिहिलं तरी ते ‘भेटूच’सारखं वाचलं जाईल असं वाटत राहिलं. पाठवलं नाही. ती नंतर आमच्याकडे आली नाही. नोट अजून इनबॉक्समध्येच आहे.

एकटेपणा असतो. रविवारी दुपारी जास्त. इंटर्न इयरला, म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी, तुला झोपच मिळणार नाही, त्यामुळे तुझं वर्ष निघून जाईल. नवऱ्याचं निघणार नाही, त्याला आत्ताच सांगून ठेव.

आणि शाळा. नाव घालताना एक फॉर्म देतात, घरी कोणती भाषा बोलता म्हणून. मी अभिमानाने ‘मराठी’ लिहिलं. त्यामुळे मुलाची इंग्रजीची चाचणी झाली. पाच वर्षांचा पोरगा अनोळखी बाईंपुढे गप्प बसला, आणि दोन वर्षं रोज त्याला वर्गातून उठवून इंग्रजीच्या वेगळ्या तासाला नेत राहिले. त्याला इंग्रजी येत होतं गं. शिक्षिकेला भेटले, मुख्याध्यापकांना भेटले. गोड हसून ‘हे त्याच्या भल्यासाठीच आहे’ म्हणाले. एक दिवस घरी येऊन तो म्हणाला, ‘आई, तू त्यांना मराठी का सांगितलंस?’ तेव्हापासून मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. आता चोविसाचा आहे.

जानेवारीतली एकही मुलाखत रद्द करू नकोस, दहा जणांनी ‘भेटूच’ लिहिलं तरी. तो फॉर्म कसा भरायचा हे मात्र मला अजूनही सांगता येत नाही. तुझ्या मुलीसाठी तू काय लिहिलंस ते मला कळव.