'नतिलंब'मधला लंब कोणता?

प्रश्न असा आहे: भूशास्त्राच्या पुस्तकात खडकाच्या थराची 'नती' आणि 'नतिलंब' मोजायला सांगितलं आहे. नती म्हणजे उतार हे कळलं, पण नतिलंब म्हणजे नतीची लांबी, की ओळंब्यासारखी उभी रेषा?

दोन्ही नाही. हा लंब भूमितीतला, म्हणजे काटकोनाचा. आणि ही रेषा उभी तर नसतेच, पूर्ण आडवी असते. कौलारू छपराचं एक पाखं डोळ्यांपुढे आणा. पाणी थेट पागोळ्यांकडे उतरतं ती नतीची दिशा, पाख्याने आडव्या पातळीशी केलेला कोन ही नती आणि आढं ज्या दिशेला जातं तो नतिलंब. डिप आणि स्ट्राइक ते हेच.

मोजताना मात्र आधी नतिलंब घेतात. ब्रंटन कंपास म्हणजे दिशा आणि कोन दोन्ही मोजणारं होकायंत्र. त्याची कड थराला टेकवायची आणि पातळी दाखवणारा गोल बुडबुडा मधोमध येईपर्यंत कंपास हलवायचा. कड आडवी झाली की सुईवर दिशा वाचायची. मग त्या रेषेशी काटकोनात कंपास कडेवर उभा धरून कोन घ्यायचा. काटकोन चुकला की कोन कमी येतो, त्याला आभासी नती म्हणतात. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दिसणारा उतार बहुधा आभासीच असतो.

नोंद अशी: 'नतिलंब उत्तर ४०° पूर्व, नती ३५° आग्नेयेस'. यातलं 'आग्नेयेस' गाळू नका. त्याच नतिलंबाचा थर वायव्येकडेही कललेला असू शकतो.

लेखनाबद्दल: सुटा शब्द 'नती', समासात 'नतिलंब', गती-गतिमानसारखंच. 'नम्', म्हणजे वाकणे, या धातूपासून आलेली हीच नती अपनती आणि अभिनती या थरांच्या घड्यांच्या नावांत आहे. पहिलीत थर मधल्या अक्षापासून दूर कलतात, दुसरीत अक्षाकडे.

नतीला सरळ 'उतार' म्हणावं का? बोलताना चालेल, नोंदवहीत मला ते पटत नाही. जमिनीचा उतार पूर्वेला आणि खालच्या थराची नती पश्चिमेला, असं सर्रास असतं.

पुण्याच्या आसपास सराव करणाऱ्यांची अडचण वेगळीच. तिथले बेसॉल्टचे थर जवळजवळ आडवे, आणि आडव्या थराला ठरावीक नतिलंबच नसतो. पनवेलच्या पट्ट्यात हेच लाव्हाथर पश्चिमेकडे झुकलेले आहेत. तिथे नतिलंब साधारण उत्तर-दक्षिण मिळतो.