आज काहीच घ्यायचं नसलेल्यांसाठी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं, मग तुझं पेजही पार खालपर्यंत पाहिलं. पिशव्या सुरेख आहेत. शिलाई सरळ, कडा नीट घासलेल्या, फोटोत उजेडही चांगला. पण जवळजवळ प्रत्येक फोटोखाली तेच: ‘नवीन माल आला! मर्यादित नग! आजच संपर्क करा!’ नग मर्यादित असतीलही, पण ते महिनोन्‌महिने मर्यादितच राहिले आहेत हे लोकांच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

तू विचारतेस, लोक फॉलो करतात पण बोलत का नाहीत, आणि विकायचं नाही म्हटलं तर लिहायचं तरी काय. दुसरा प्रश्न सुटला की पहिला बराचसा आपोआप सुटतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते.

चांगली पिशवी माणूस वर्षानुवर्षं वापरतो. म्हणजे तुझं पेज पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणालाही आज पिशवी घ्यायची नाहीये. ‘आजच घ्या’ हे वाक्य त्यातल्या एखाद-दुसऱ्यासाठी आहे. बाकीचे ते वाचून पुढे सरकतात आणि हळूहळू तुझं नाव दिसलं की न वाचताच पुढे सरकायची त्यांना सवय लागते. पेजचं खरं काम या बाकीच्यांपाशी आहे. एक दिवस त्यांचा जुना पट्टा तुटेल किंवा कोणाला तरी भेट द्यायची वेळ येईल, आणि त्या दिवशी तुझं नाव त्यांना आठवायला हवं. ते आठवावं म्हणून मधल्या सगळ्या काळात तू त्यांच्या थोडीफार उपयोगी पडलेली असावीस, एवढंच मला सांगायचं आहे.

यात नवीन काही नाही. १९०० साली फ्रान्समध्ये टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी मोटारवाल्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढली आणि फुकट वाटली. तेव्हा त्या देशात मोटारी तीन हजारसुद्धा नव्हत्या. पुस्तिकेत नकाशे होते, टायर कसा बदलायचा ते होतं, पेट्रोल कुठे मिळेल, दुरुस्ती कुठे होईल, मुक्काम कुठे करता येईल हे होतं. लोक जास्त फिरले तर टायर जास्त झिजणार, हा हिशेब त्यामागे होताच, ती काही धर्मादाय संस्था नव्हती. पण लिहिताना त्यांनी टायरचे गुण गाण्याऐवजी प्रवासात माणूस कुठे अडतो याचा विचार केला. १९२० पर्यंत ती पुस्तिका फुकटच मिळत होती. टायर घ्यायची वेळ रोज येत नाही, पण रस्त्यावर अडायची वेळ वरचेवर येते.

तुझ्या धंद्यात माणूस कुठे अडतो? तुझ्याच जुन्या मेसेजमध्ये बघ. चेन अडकते. चेन लावली तरी मागून उघडी पडते. पिशवी भिजली. कपाटात ठेवली होती, तिच्यावर बुरशी आली. कॅनव्हासची पिशवी धुवायची का, आणि धुतली तर आकसेल का. यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक पोस्ट आहे आणि उत्तरं तुला झोपेतून उठवलं तरी येतात. चेनचंच घे. दाते शाबूत असूनही चेन उघडी पडत असेल, तर बहुतेक वेळा रनर, म्हणजे दात्यांवरून सरकणारा तो तुकडा, सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही बाजू हलकेच दाबल्या की तो पुन्हा धरतो, मात्र जोर लावला तर तुटतो. धातूची चेन जड चालत असेल तर दात्यांवर मेणबत्ती फिरवायची. चामडं भिजलं तर कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं, आत कोरा कागद कोंबायचा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं. छापील कागद नको, त्याची शाई अस्तराला लागते. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं तर चामडं कडक होऊन तडकतं. बरेच दिवस ठेवायची असेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळायची नाही, सुती कापडात ठेवायची. हे तू मला फोनवर घडाघडा सांगितलं होतंस. पेजवर यातलं एक अक्षर नाही.

तू म्हणशील, हे सगळं फुकट सांगून टाकलं तर दुरुस्तीला माझ्याकडे कोण येणार? ज्याच्या हातात पकड आहे आणि अंगात हौस आहे, तो तसाही येणार नव्हता. बाकीचे वाचतील, रनर दाबता दाबता तुटू शकतो हेही वाचतील आणि पिशवी तुझ्याकडे घेऊन येतील, कारण हे काम कोणाला कळतं याचा त्यांना अंदाज आलेला असेल. आणि जो स्वतः करून बघेल, तो फोटो टाकून ‘जमलं’ म्हणून सांगेल. तुला हवा असलेला संवाद तिथेच सुरू होतो.

प्रश्न ज्या शब्दांत आला त्याच शब्दांत लिही. ‘चर्मवस्तूंची निगा राखण्याच्या टिप्स’ असलं शीर्षक देऊ नकोस. कोणी विचारलं असेल ‘पिशवीला कुबट वास येतोय, काय करू?’, तर तेच शीर्षक.

आता एका सापळ्याबद्दल. विकणं बंद केलं की लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. ‘आवडलं तर लाइक, खूप आवडलं तर हार्ट’, ‘तीन मित्रांना टॅग करा आणि जिंका’. या मार्गाने जाऊ नकोस. फेसबुकने २०१४ च्या नोव्हेंबरमध्येच जाहीर केलं होतं की ज्या पोस्टमध्ये नुसती ‘घ्या घ्या’ एवढंच असतं, अशा पेजच्या पोस्ट पुढच्या जानेवारीपासून लोकांना कमी दिसतील. २०१७ च्या डिसेंबरमध्ये लाइक, शेअर, टॅग उकळणाऱ्या पोस्टवरही तोच बडगा आला. त्यात त्यांनी एक फरक मात्र नीट केला होता: खरोखर सल्ला, मदत किंवा शिफारस मागणाऱ्या पोस्टना याची झळ बसणार नव्हती. तो फरक ध्यानात ठेव. आणि नियम बाजूला ठेवले तरी, फुकटच्या पिशवीसाठी जमलेली गर्दी फुकटच्या पिशवीवर प्रेम करते. ती मोजून काय करणार?

म्हणून प्रश्न विचारायचा असेल तर ज्याचं उत्तर तुला खरोखर हवं आहे तोच विचार. ‘आमच्या पिशव्या कशा वाटतात?’ याला ‘छान’ यापलीकडे उत्तर नाही. ‘खांद्याच्या पिशवीत मोबाइलचा खिसा आतून असावा की बाहेरून? डावखुऱ्यांनी जरूर सांगा.’ याला उत्तरं येतील, कारण उत्तर द्यायला विचार करावा लागत नाही, रोजचा त्रास आठवला की पुरे. मग पुढच्या नमुन्यात तू काय केलंस ते दाखव. ज्यांचं ऐकलं नाहीस त्यांनाही कारण सांग: बाहेरचा खिसा केला तर शिवण पट्ट्याच्या ताणाखाली येते, म्हणून आतूनच ठेवला. लोकांना आपलं म्हणणं मान्य झालंच पाहिजे असं नसतं, ते कुठेतरी पोचलं एवढं कळलं तरी पुढच्या वेळी ते पुन्हा बोलतात.

कोणती पिशवी कोणी घेऊ नये, हेही लिही. ‘हिच्या तळाला जाड अस्तर नाही, लॅपटॉपसाठी ही घेऊ नका.’ असं लिहिताना हात थरथरेल, लिही तरी. तुझ्या बाकीच्या कौतुकावर लोकांनी विश्वास ठेवावा असं वाटत असेल तर अशी एखादी ओळ तिथे असायलाच हवी.

एवढं करूनही बरेच दिवस शुकशुकाट वाटेल. याकोब निल्सन या वेबच्या अभ्यासकाने २००६ मध्ये ऑनलाइन समुदायांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि बहुतेक बडबड उरलेल्या एकाची असते. आकडे सगळीकडे तंतोतंत लागू होतात असं नाही, पण चित्र ओळखीचं आहे. म्हणून कमेंट मोजत बसू नकोस. किती जणांनी पोस्ट सेव्ह केली, किती जणांनी दुसऱ्याला पाठवली ते बघ. आणि कधीही एक शब्द न लिहिलेलं कोणी समोर येऊन ‘ते कागद कोंबायचं तुम्हीच लिहिलं होतं ना?’ म्हणालं, तर ते वहीत टिपून ठेव. तो हिशेब कुठल्याही ॲपमध्ये दिसत नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. तुझ्या एका फोटोखाली कोणीतरी विचारलंय, ‘किंमत?’ आणि तू लिहिलंयस, ‘इनबॉक्स केलं आहे.’ का गं? किंमत चोरून सांगण्यासारखी आहे का? तेच विचारायचं असलेले आणखी कितीतरी जण ते वाचून गुपचूप निघून गेले असतील. पेजवर सतत विकू नये याचा अर्थ विकत घ्यायला आलेल्याला ताटकळत ठेवावं असा होत नाही. जिथे विचारलं तिथेच, आकड्यात सांग. माप, रंग, किती दिवसांत मिळेल, तेही. मेसेजमध्ये जायचं ते पत्ता आणि फोन नंबर घ्यायला.

तक्रारीचंही असंच. पट्टा उसवला म्हणून कोणी चारचौघांत लिहिलं तर ती कमेंट उडवू नकोस आणि ‘असं आमच्याकडे होत नाही’ हेही लिहू नकोस. झालं ते मान्य कर, काय करणार ते सांग आणि बाकीचं मेसेजमध्ये बोल. मग एक गोष्ट कर जी सहसा कोणी करत नाही: काम झाल्यावर त्याच कमेंटखाली परत येऊन ‘पट्टा बदलून दिला, आता दुहेरी शिलाई घातली आहे’ असं लिही. वाचणाऱ्यांना तक्रार दिसते तशी शेवटची ओळही दिसते. शिवीगाळ करणाऱ्याची गोष्ट वेगळी. ती कमेंट लपव आणि आपल्या कामाला लाग.

कौतुकाला उत्तर देताना हात जोडलेलं चित्र सगळ्यांना सारखं चिकटवू नकोस. ‘ही तपकिरीच ना? अजून रंग टिकलाय का?’ एवढं विचारलंस तरी माणूस परत लिहितो. उत्तरांसाठी दिवसातल्या दोन वेळा ठरव आणि पेजवर तसं लिहून ठेव. रात्री बारा वाजता उत्तर देत बसलीस तर लोक रात्री बारा वाजताच विचारू लागतील.

रोज पोस्ट टाकायची सक्ती तुझ्यावर कोणी केलेली नाही. सांगण्यासारखं काही नसेल त्या दिवशी गप्प बस. ‘जागतिक अमुक दिना’च्या तयार चित्रावर आपला लोगो चिकटवून शुभेच्छा देण्यापेक्षा ते केव्हाही बरं. दुसऱ्यांचे फोटो न विचारता उचलू नकोस. ग्राहकाने प्रेमाने पाठवलेला असला तरी पेजवर टाकण्याआधी विचार, आणि त्यात लहान मूल असेल तर दोनदा विचार. रीलला गाणं लावताना हे लक्षात असू दे की व्यवसायाच्या खात्याला सगळी गाणी वापरायची मुभा नसते, परवान्याचा प्रश्न असतो. मशीनचा आवाज आहे की, तोच राहू दे.

नवीन पिशवी आली की मात्र सरळ सांग. नाव, माप, किंमत, कधीपासून, कशी मागवायची, बस. अधूनमधून, उघडपणे विकलेलं कोणाला खुपत नाही. राग येतो तो सल्ल्याचं सोंग घेतलेल्या जाहिरातीचा: ‘खांदेदुखी टाळण्याचे पाच उपाय’, आणि पाचवा उपाय म्हणजे आमची पिशवी. तुझ्या पेजवर असली एक आहे. काढून टाक.

तुझा भाऊ म्हणतो तसं महिन्याच्या पोस्ट एकदम लिहून देणाऱ्या कोणाला काम द्यायचं का? फोटो, मांडणी, वेळापत्रक द्यायला हरकत नाही. उत्तरं मात्र तूच दे, निदान अजून वर्षभर तरी. रनर किती दाबायचा हे त्यांना माहीत नाही आणि विचारणाऱ्याला ते एका वाक्यात कळतं. शिवाय सगळा भार एकाच पेजवर टाकू नकोस. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं, तेव्हा त्यासाठी कोणा दुकानदाराची परवानगी घेतली नव्हती. ज्या ग्राहकांची हरकत नाही त्यांचे नंबर आपल्या वहीत असू देत.

पैसे भरून करायच्या जाहिरातीबद्दल तू विचारलंयस, त्याची घाई नको. आधी मागच्या काही महिन्यांचे मेसेज काढ आणि लोकांनी विचारलेले प्रश्न जसेच्या तसे, त्यांच्या चुकांसकट, मला लिहून पाठव. ‘किंमत?’ वगळून. कुठला आधी घ्यायचा ते आपण मिळून ठरवू.

तुझी,
मावशी