कूळ, भाडेकरू की परवानाधारक?

अगं, शिवाजीनगर कोर्टात काम सुरू करतेयस तर व्याख्या पाठ करत बसू नकोस. शब्द कोणत्या कायद्यातला, हे आधी बघ.

पक्षकार येतो आणि म्हणतो, 'माझ्या जागेत कूळ बसलंय, काढायचंय.' मुळशीकडची शेतजमीन असेल तर ते १९४८ च्या कूळ कायद्यातलं कूळ, प्रकरण तहसीलदाराकडे. पेठेतल्या वाड्यातली खोली असेल तर तो भाडेकरू. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आणि लघुवाद न्यायालय. आणि कोथरूडचा फ्लॅट राहायला अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिला असेल, तर तो भाडेकरूसुद्धा नाही, परवानाधारक. मुदत संपूनही हलला नाही तर त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. दुप्पट दराने भरपाईही मागता येते. म्हणून करारनामा हातात येईपर्यंत यातला एकही शब्द अर्जात लिहू नकोस, पक्षकार कितीही घाई करो.

'स्टे आणा' हेही रोजचंच. शेजाऱ्याचं बांधकाम थांबवायचं तर तो मनाई हुकूम, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९. हुकूमनाम्याची, म्हणजे डिक्रीची, अंमलबजावणी रोखायची तर अपिलात स्थगिती, आदेश ४१ नियम ५.

फौजदारीत एवढा गुंता नाही. तिथे तक्रार देणारा तो फिर्यादी, त्याला दिवाणीतला वादी लिहू नकोस म्हणजे झालं. हो, आणि १ जुलै २०२४ पासून एफआयआरचं कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५४ नाही, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७३. बोलताना जुनी मंडळी अजून १५४ च म्हणतात, त्यांना टोकू नकोस.