मुलगी अमेरिकेत जन्मली, वाढली पलूसला... पेल ग्रँट मिळेल का?

या वेळी कॉलेजच्या पैशांवर तीन पत्रं आली, तीनही आपल्याच भागातली. पहिल्याला जास्त जागा देतेय कारण असे लोक सांगली-साताऱ्यात आता बरेच झालेत, आणि त्यांना नीट सांगणारं कोणी भेटत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. मी २००६ ते २०१४ अमेरिकेत होतो, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. मिसेस एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर होत्या. मुलगी तिकडंच झाली, २००८ ला. नंतर वडिलांचं आजारपण आलं म्हणून सगळं आवरून पलूसला परत आलो, आता चार एकर द्राक्षबाग आहे आणि जोडीला थोडं ऑनलाइन काम करतो. मुलगी बारावीला आहे, पासपोर्ट अमेरिकेचा, इथं ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) राहते. तिला तिकडं कॉलेजला जायचंय. भाऊ म्हणतो तिकडचं सरकार ग्रँट देतं, मेहुणा म्हणतो इथं वाढलेल्या पोरांना कोण देतंय. खरं काय? आणि बागेचं उत्पन्न दाखवायचं का? — एक बागायतदार, पलूस

उत्तर : दादा, भाऊ बरोबर आहेत. मुलगी कुठं वाढली हे तिथं बघत नाहीत, ती नागरिक आहे का हे बघतात, आणि ती आहे. त्यामुळं तुमच्या लेकीला फाफ्सा भरता येतो. फाफ्सा म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मदतीचा एकच सामाईक फॉर्म, ग्रँट, सरकारी लोन, कॅम्पसवरचं काम सगळं त्यातूनच ठरतं, आणि तो भरायला एक पैसा लागत नाही.

पेल ग्रँट ही त्यातली फेडावी न लागणारी रक्कम, ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नावावरून नाव पडलंय. २०२५-२६ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, म्हणजे आपले सहा लाखांच्या वर. सगळ्यांना पूर्ण मिळतेच असं नाही, घरचं उत्पन्न, माणसं किती, हे बघून आकडा ठरतो. पैसे आधी कॉलेजकडं जातात, फी कापून राहिलं तर मुलीच्या हातात. आणि हे पैसे अमेरिकेतल्या कॉलेजसाठीच, सांगलीत शिकायला ते मिळणार नाहीत, हेही एकानं मला विचारलं होतं म्हणून सांगते.

आता फॉर्मचं. मी एकोणीस वर्षं कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसले, मला वाटायचं फॉर्म म्हटलं की मला सगळं येतं. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीत भाचीचा फाफ्सा भरायला बसलो (तुमच्यासारखीच गोष्ट, भाऊ डेट्रॉइटहून परत आलेला) तेव्हा पहिल्याच पानावर अडकलो. भावाचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिकडचा सरकारी ओळख नंबर, कुणाच्याच लक्षात नाही. शेवटी वहिनीनं गोदरेजचं कपाट रिकामं केलं आणि लॉकरच्या तळाला, सोनं तारण ठेवल्याच्या जुन्या पावत्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत ते निळसर कार्ड सापडलं. तो नंबर जन्मभर चालतो, तुम्ही परत आलात म्हणून रद्द होत नाही. तर दादा, आज संध्याकाळीच कपाट उघडा, तुमचं आणि मुलीचं अशी दोन कार्डं शोधा.

मिसेसचं वेगळं. एच-फोरवाल्या बायकांना त्या काळात सोशल सिक्युरिटी नंबर मिळायचा नाही, टॅक्ससाठी आयटीआयएन मिळायचा, नऊ आकडी, दिसायला सारखाच. तो चुकून सोशल सिक्युरिटीच्या रकान्यात टाकू नका, आमच्याकडून नेमकं तेच झालं आणि फॉर्म पुढं सरकेना. नंबर नसलेल्या पालकालाही आता फाफ्साच्या साइटवर अकाउंट काढता येतं, फक्त ओळख पटवायला वेळ जातो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. तुम्ही म्हणाल बायकोचं कशाला, माझं एकट्याचं पुरेल की. नाही पुरत. तिकडं नवरा-बायको एकत्र रिटर्न भरतात तेव्हा एकाच पालकाचं चालतं, आपल्याकडं जॉइंट रिटर्न हा प्रकारच नाही, त्यामुळं आई आणि वडील दोघांनीही आपापल्या अकाउंटमधून आपली टॅक्सची माहिती वापरायला संमती द्यायची आणि सही करायची. एकानं जरी संमती दिली नाही तरी मुलीला केंद्राची मदत बंद, इतकं ते कडक आहे.

नावाचंही बघा. आपल्याकडं मधलं नाव वडिलांचं, कधी कार्डावर असतं कधी नसतं, आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि कार्डावर एक. फॉर्ममध्ये कार्डावरचंच नाव टाका, अक्षर न अक्षर तसंच. मुलीचा पासपोर्टही काढून बघा. सोळाच्या आत काढलेला पाचच वर्षं चालतो, आता तिला दहा वर्षांचा मिळेल, आणि त्यासाठी मुंबईला बीकेसीतल्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट घ्यावी लागते.

आता उत्पन्न. तुमचा मूळ प्रश्न हाच होता ना. २०२६ च्या ऑगस्टला जायचं तर फॉर्म २०२६-२७ चा आणि त्यात उत्पन्न मागतात २०२४ चं, दोन वर्षं मागचं. तुमचं भारतातलं रिटर्न तिथं आपोआप दिसत नाही, आकडे हातानं भरायचे, रुपयांचे डॉलर करून, फॉर्म भरता त्या दिवसाच्या भावानं. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, तर कोणतं रिटर्न धरायचं हे ज्या कॉलेजांत अर्ज करताय त्यांच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून विचारा, उत्तर देतात ते, आणि लेखी उत्तर जपून ठेवा. शेतीचं उत्पन्न आपल्याकडं करमुक्त आहे म्हणून तिथं शून्य लिहायचं का, तर अजिबात नाही दादा. करमुक्त असलं तरी उत्पन्न ते उत्पन्नच, द्राक्षाचं जे आलं ते खरं सांगा, कुठल्या रकान्यात हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. कॉलेज पडताळणी करू शकतं, आणि खोटं निघालं तर मिळालेली ग्रँट परत करावी लागते, वर दंडही होऊ शकतो.

जमिनीच्या बाबतीत मात्र एक चांगली गोष्ट झालीये. मधली दोन वर्षं शेतजमिनीची किंमतही मालमत्तेत धरत होते, आता चार एकर बागेची किंमत डॉलरमध्ये मांडली तर पलूसचा शेतकरी कागदावर मोठा श्रीमंत दिसणार, हातात मात्र औषधाचं बिल. २०२६-२७ पासून कुटुंब ज्या शेतात राहतं ते शेत धरत नाहीत. राहतं घर तर धरतच नाहीत. घर बागेतच असेल तर प्रश्नच नाही, घर गावात आणि बाग लांब असेल तर तेही विचारून घ्या.

पण एवढ्यावर हुरळून जाऊ नका हं, हे मी काळजीनं सांगतेय. मुलगी नागरिक असली तरी ती कुठल्याच राज्याची रहिवासी नाही, त्यामुळं सरकारी युनिव्हर्सिटीत तिला बाहेरच्या राज्याची फी लागेल, ती दुप्पट-तिप्पटसुद्धा असते, आणि राज्याची मदतही नाही. पेल त्यात कुठल्या कुठं बुडून जाते. पहिल्या वर्षाला सरकारी लोन साधारण ५,५०० डॉलरपर्यंत मिळतं, त्याहून जास्तीसाठी धडपडू नका. मला विचाराल तर दोन वाटा बघा. एक, कम्युनिटी कॉलेज, जिथं फी मुळातच कमी आणि दोन वर्षांनी मोठ्या युनिव्हर्सिटीत जाता येतं, कोणी नातेवाईक जवळ राहत असेल तर उत्तमच. दुसरी, मुलगी खरंच हुशार असेल तर स्वतःच्या तिजोरीतून भरपूर मदत देणारी खासगी कॉलेजं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी फाफ्साशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी एक फॉर्म असतो, त्याची फी असते पण कमी उत्पन्नाच्या घरांना माफ होते.

आणि फॉर्ममध्ये वर्क-स्टडी असं दिसलं तर त्याला नाही म्हणू नका. लायब्ररीत, कँटीनमध्ये तासावर काम करायचं आणि पगार घ्यायचा. अमेरिकेनं हे १९६४ च्या कायद्यानं सुरू केलं, पण आपल्याला त्यात नवल काय, कर्मवीर अण्णांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली ती कमवा आणि शिका म्हणतच, आणि साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. आपल्या मुलीला कष्टाची लाज नाही हे तुम्हीही जाणता.

प्रश्न : मी कोरेगावचा, बी.ई. झालोय, एम.एस.साठी अमेरिकेला अ‍ॅडमिशन मिळालंय. साताऱ्यात एका एजंटनं पंचवीस हजार मागितलेत, म्हणतो फेडरल ग्रँट मिळवून देतो, फाफ्सा आम्ही भरतो. देऊ का? — एक विद्यार्थी, कोरेगाव

उत्तर : देऊ नकोस बाळा, आणि दिले असशील तर परत माग. तू एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर चाललायस, एफ-वनवाल्याला फेडरल ग्रँट नाही, फेडरल लोन नाही, काही नाही. फॉर्म फुकट आहे आणि तो तुझ्यासाठी नाहीच. त्याहून वाईट म्हणजे फॉर्म पुढं न्यायला तो तुला नागरिक म्हणून टिक करेल. नागरिक नसताना नागरिक असल्याचं खोटं सांगणं हा अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात फार मोठा गुन्हा धरतात, त्यापायी जन्मभर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. पंचवीस हजार गेले तर पुन्हा कमावशील रे, हे नाही भरून येणार.

तुझ्यासाठी दुसऱ्या गोष्टी आहेत. डिपार्टमेंटला आजच लिही आणि टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं पगारी काम) आहे का विचार, एम.एस.ला पीएच.डी.इतकी मिळत नाही पण मिळते, काहींना दुसऱ्या सेमिस्टरला मिळते. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिकायला लोन स्कॉलरशिप देतंय, त्याची तारीख बघत राहा. राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती प्रवर्गाप्रमाणे वेगवेगळी आहे, अनुसूचित जातीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावची समाजकल्याणकडून, मराठा-कुणबी मुलांना सारथी या सरकारी संस्थेकडून, तू कशात बसतोस ते लिहिलं नाहीस म्हणून सगळंच सांगितलं. टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं, त्यात जेवणाखाण्याचं निघतं, फी नाही निघत, तसा हिशोब धरून चाल.

प्रश्न : मुलगी सांगलीत इंजिनीअरिंगला आहे. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर) पैसे जमा झाले असं दाखवतंय, पण पासबुकात काहीच नाही. बँकवाले म्हणतात कॉलेजला विचारा, कॉलेज म्हणतं बँकेला विचारा. मिस्टर गवंडीकाम करतात, दोनदा खाडा करून आले. — एक आई, जत

उत्तर : वहिनी, पैसे बुडाले नसणार, बहुतेक दुसऱ्या खात्यात गेलेत. फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात पैसे येतात असं सगळ्यांना वाटतं, पण तसं नसतं, आधारशी जे खातं सगळ्यात शेवटी जोडलं गेलं त्यात जातात. माझ्या खिडकीशी एक मुलगी अशीच तीन महिने हेलपाटे घालत होती, बिचारीला प्रत्येक वेळी मीच पुढच्या सोमवारी ये म्हणायचे. मग एकदा तिला विचारलं, सिमकार्ड कुठं घेतलंस, तर म्हणाली स्टँडसमोरच्या दुकानात, तिथं दोनदा अंगठा घेतला होता. दुसरा अंगठा खातं उघडायचा होता, तिला माहीतच नव्हतं! सगळे पैसे त्या खात्यात जसेच्या तसे पडलेले.

माय आधारच्या साइटवर मुलीचा आधार नंबर टाकून मोबाइलवर ओटीपी घ्या, आत बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, तिथं बँकेचं नाव दिसतं. ज्या बँकेचं नाव येईल तिथं आधार घेऊन जा, पैसे तिथंच असतील. मग आपल्या नेहमीच्या बँकेत आधार सीडिंगचा, म्हणजे खातं आधारशी जोडायचा फॉर्म भरून पुढच्या हप्त्याच्या आधी ते बदलून घ्या. मुलगी सांगलीतच आहे तर तिलाच करू द्या हे, मिस्टरांचा तिसरा खाडा नको. आणि तिला एवढं विचारा की कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून अ‍ॅडमिशन झालंय ना आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे ना, कारण तसं असेल तर जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणं ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क दोन्ही शंभर टक्के माफ आहेत. कॉलेजनं फी घेतली असेल तर पावती घेऊन ऑफिसात जा, आणि काय म्हणाले ते मला कळवा.