कोळंबी फिकी दिसतेय म्हणून लगेच पावडर आणू नका

राम राम मंडळी. करमाळा, माढ्याकडच्या तिघाचौघांचा एकच प्रश्न आलाय, शेततळ्यातली स्कॅम्पी, म्हणजे गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, फिकी निळसर दिसतेय, व्यापारी रेट पाडतोय, तर खाद्यात रंगाची पावडर द्यायची का, आणि घरचा झेंडू वाळवून घातला तर चालतंय का.

आधी एक करा. चारपाच कोळंब्या काढा अन् दोनतीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाका. चांगल्या लालकेशरी झाल्या तर रंग अंगात आहे, पैसे घालवू नका. तिचं लाल द्रव्य म्हणजे अस्टाझॅन्थिन, जिवंतपणी ते प्रोटीनला धरून असतं म्हणून निळं करडं दिसतं, उकळलं की प्रोटीन मोडतं अन् लाल बाहेर येतं. मोठ्या नरांच्या नांग्या तर निळ्याच असतात, तो रोग नव्हे. आणि तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फिक्या रंगाचा असेल तर कोळंबी पण अंगाचा रंग फिका करते, काळ्या कागदावर गडद दिसते.

उकडूनही पिवळट पांढरीच राहिली तर मात्र खाद्यात कमी पडतंय. हे द्रव्य ती शून्यातून बनवत नाही, शेवाळ अन् पाण्यातले बारीक जीव खाऊन मिळवते, आणि आपल्या कागदाच्या तळ्यात पाणी नितळ ठेवलं की तिला ते मिळणार कुठून.

झेंडूत मुख्य ल्युटीन हे पिवळं द्रव्य, अंड्याच्या बलकाला ते भारी, पण कोळंबीला त्याचा तेवढा उपयोग नाही. स्पिरुलिना या शेवाळातली बीटा कॅरोटीन अन् झियाझॅन्थिन ही रंगद्रव्यं मात्र ती बदलून अस्टाझॅन्थिन करते, टायगर कोळंबीला स्पिरुलिना 3 टक्के म्हणजे किलो खाद्याला 30 ग्रॅम महिनाभर देऊन रंग आलेला आहे. दुसरी हिमॅटोकॉकस शेवाळाची पावडर, महाग आहे, म्हणून लेबल वाचूनच घ्या. 2 टक्के अस्टाझॅन्थिन लिहिलं असेल तर एका किलोत 20 ग्रॅम असतं, किलो खाद्याला 50 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे अडीच ग्रॅम पावडर पुरते अन् एक किलो पावडर 400 किलो खाद्याला जाते. पहिल्या दिवसापासून नको, काढणीच्या आधीचे 4 ते 6 आठवडे द्या. जिलेबीचा रंग कुणी सुचवला तर अजिबात ऐकू नका.

आता खरी चूक कुठं होते ते सांगतो. एका ठिकाणी गेलो तर पावडर चोळलेलं खाद्य स्लॅबवर ताडपत्रीवर पसरलेलं, एप्रिलचं ऊन, वरचे दाणे फिके अन् खाली हात घातला तर लाल. ऊन, उष्णता, हवा, तिन्हीनं हे द्रव्य मरतं. तेलात विरघळणारं आहे, म्हणून पावडर थोड्या माशाच्या तेलात नाहीतर गोडेतेलात कालवा, दाण्यांना चोळा, सावलीतच वाळवा अन् तीनचार दिवसांपुरतंच करून झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवा.

उकडलेल्यांचा फोटो पांढऱ्या ताटात, दिवसाउजेडी काढून पाठवा, सोबत कागदाचा रंग अन् कोळंबी किती दिवसांची तेही लिहा.