लिनक्सवर चालणारा टीसीपी_कीपआयडल मॅकवर पायथनला सापडत नाही. थेट आकडा लिहिला तर चालेल का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: प्रोग्राम लिनक्सवर बिनतक्रार चालतो, मॅकवर मात्र सॉकेट मॉड्यूलमध्ये टीसीपी_कीपआयडल (कनेक्शन किती सेकंद शांत राहिलं की तपासायचं, ते ठरवणारी सेटिंग) नाही म्हणून ॲट्रिब्यूटएरर येते. पायथन काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. कॉन्स्टंटच्या जागी 4 लिहिलं तर एरर जाते, म्हणून तसंच ठेवायचा विचार आहे.

नका ठेवू. हा उद्योग मी करून बसलोय आणि त्यापायी दोन दिवस घालवलेत.

लिनक्सच्या हेडर फाइलमध्ये (जिथे अशी नावं आणि त्यांचे आकडे लिहिलेले असतात) टीसीपी_कीपआयडल म्हणजे 4, हे बरोबर. पण मॅकच्या हेडरमध्ये त्याच पातळीवर 4 म्हणजे टीसीपी_नोपुश! सेटसॉकऑप्टला, म्हणजे सॉकेटची सेटिंग बदलणाऱ्या फंक्शनला, तुम्ही 4 आणि 60 देता. तुमच्या मनात असतं, '60 सेकंद काही हालचाल नसेल तर पलीकडचा जिवंत आहे का ते बघ.' मॅक समजतो, 'नोपुश चालू कर,' कारण 60 हे शून्य नाही एवढंच त्याला पुरतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. आणि नोपुश चालू असलं की बफर भरेपर्यंत किंवा सॉकेट बंद होईपर्यंत डेटा पाठवणं लांबवलं जातं. माझ्या लॉगमध्ये 'उत्तर पाठवलं' अशी ओळ दिसायची आणि क्लायंट ताटकळत बसलेला असायचा. छोटी उत्तरं अडकायची, कनेक्शन तोडलं की भसाभस पोचायची. मी सगळा वेळ क्लायंटच्या कोडला शिव्या देत होतो.

आता कॉन्स्टंट गायब का, ते. सॉकेट मॉड्यूलचा गाभा सी भाषेत आहे आणि अशा प्रत्येक कॉन्स्टंटभोवती इफडेफची अट असते. पायथन ज्या मशीनवर कंपाइल झालं तिथल्या सिस्टिम हेडरमध्ये ते नाव असेल तरच ते मॉड्यूलमध्ये येतं. मॅकच्या हेडरमध्ये कीपआयडल हे नावच नाही, त्यामुळे पुन्हा इन्स्टॉल करून ते उगवणार नाही. तुमचं पायथन धडधाकट आहे. (याच कारणाने जुन्या हेडरवर कंपाइल केलेलं पायथन नव्या लिनक्सवरही एखादं नाव दाखवत नाही. कर्नलला ती सोय येत असते, पायथनला नाव माहीत नसतं.)

मॅकवर हेच काम टीसीपी_कीपअलाइव्ह करतो. त्याची किंमत 16, आणि पायथन 3.10 पासून तो सॉकेट मॉड्यूलमध्ये त्याच नावाने आहे. तेव्हा आधी हॅसॲट्रने कीपआयडल आहे का बघा, असेल तर तो वापरा. नसेल आणि सिस.प्लॅटफॉर्म 'डार्विन' (म्हणजे मॅक) असेल तर कीपअलाइव्ह. पायथन 3.9 किंवा त्याआधीचं असेल तरच 16 हा आकडा हाताने लिहा, तोही डार्विनच्या अटीच्या आत. एसओ_कीपअलाइव्ह (ही तपासणीच मुळात सुरू करणारी सेटिंग) आधी चालू करायला विसरू नका. तो सोल_सॉकेट पातळीवरचा आहे, टीसीपी_कीपअलाइव्ह टीसीपी पातळीवरचा. नावं इतकी सारखी आहेत की गल्लत होतेच.

या दोन्हींत काहीच जुळलं नाही तर एल्समध्ये पास लिहून मोकळे होऊ नका. हे मी फार ठिकाणी बघतो. मग एरर येत नाही, पण सिस्टिमचा डीफॉल्ट लागू होतो. लिनक्सवर तो 7200 सेकंद आहे, मॅकवरही तितकाच. म्हणजे मेलेलं कनेक्शन दोन तास जिवंत समजलं जाणार. निदान लॉगमध्ये एक ओळ तरी टाका.

विंडोजचं थोडं निराळं आहे. तिथे पायथन 3.7 पासून कीपआयडल आहे, पण चालू विंडोज पुरेशी नवी असेल तरच. जुन्या विंडोजवर सॉकेटच्या आयओसीटीएलला एसआयओ_कीपअलाइव्ह_व्हॅल्स द्यावं लागतं, आणि तिथे वेळ मिलिसेकंदांत असते. 60 लिहिलंत तर फसाल, 60000 हवेत.

एक शंका मात्र आधीच फेडून घ्या. तुमच्याच फोल्डरमध्ये सॉकेट.पीवाय नावाची फाइल तर नाही ना? असली तर पायथन तीच उचलतो आणि मग एकूण एक कॉन्स्टंट 'गायब' होतात. तुमच्याकडे एकच नाव गायब आहे, त्यामुळे बहुधा हे नसेल. तरी मॉड्यूलचं __फाइल__ प्रिंट करून बघायला काही लागत नाही.

बदल केल्यावर गेटसॉकऑप्टने तीच किंमत परत वाचा. 60 दिसले की झालं. लिनक्सवर 'एसएस -ओ' ही सॉकेटची यादी दाखवणारी कमांड मारलीत तर कीपअलाइव्हचा टायमर उलटा मोजताना दिसेल. मॅकवर अजूनही उत्तरं अडकत असतील तर तो 4 कोडमध्ये कुठेतरी राहिलाय, शोधा.